आई बोलायला शिकत होती

माझ्या आईला हळू बोलता येत नसे. पाटस आणि दौंडच्या मधे, रस्त्यापासून बरंच आत आमची वस्ती होती. पत्र्याचं दोन खोल्यांचं घर, पुढं अंगण, अंगणाला लागून गोठा आणि तिन्ही बाजूंनी ऊस. आजोबांच्या काळापर्यंत आमच्याकडं मेंढरं होती. लग्नानंतरची पहिली वर्षं आईनं कळपामागं चालत काढली होती, आणि माळावर या टोकाच्या माणसानं त्या टोकाच्या माणसाशी बोलायचं तर घसा मोकळाच सोडावा लागतो. पुढं मेंढरं विकली, विहीर खणली, ऊस लावला, पण आईचा घसा माळावरचाच राहिला. चुलीपुढं बसून तिनं ‘मंजे’ म्हणून हाक मारली की ती उसातून पार कॅनॉलपर्यंत जायची, आणि तिकडं धुणं धुणाऱ्या बायका मला म्हणायच्या, ‘‘जा गं, आय बोलावतीया.’’ शाळेच्या दाखल्यावर मी मंजुळा आहे. पण ते नाव मला मास्तरांनी हजेरी घेतल्यावरच आठवायचं.

नावानं हाक मारायची नाही असा तिचा एकच माणूस होता, तो म्हणजे आबा, माझे वडील. नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नाही, ही आमच्यातली रीत. घ्यायचंच तर लग्नात, हळदीत, चार बायकांनी अडवून धरल्यावर, उखाण्यात गुंडाळून. तेही आई टाळता येईल तितकं टाळायची. एकदा चुलतभावाच्या लग्नात तिला दारातच अडवलं, तेव्हा पदर तोंडावर घेऊन ती घाईघाईनं म्हणाली होती, ‘मोटारीच्या पाण्यानं भिजली उसाची सरी, सोमारावांचं नाव घेते, आता सोडा घरी.’ एरवी आबा उसात दारं धरत असले, म्हणजे पाटाचं पाणी या सरीतून त्या सरीत फिरवत असले, की ती बांधावर उभी राहून त्यांना बोलवायची. तेव्हाचं तिचं तोंड मला अजून दिसतं. ती तोंड उघडायची, गळ्याशी काहीतरी हलायचं, ते ती गिळायची, आणि मग मोठ्यानं ‘अवं’ यायचं. मी लहानपणी तिची नक्कल करायचे आणि मार खायचे.

त्या वर्षी मी दहावीत नापास झाले होते, गणितात आणि इंग्रजीत. आई म्हणाली, ‘‘आक्टोबरला पुन्ना बस. घरातलं मी बगते, तू निस्तं वाच.’’ म्हणून मी वाचत होते. माझं वाचणं म्हणजे गाईड मांडीवर घेऊन, पुढं-मागं डुलत, एकच उत्तर मोठ्यानं म्हणत राहणं. तोंडाला फेस येईपर्यंत म्हणायचे. म्हणता म्हणता सगळं सोपं वाटायला लागायचं, आणि सोपं वाटलं की आलं असं मी समजायचे.

तशीच एका सकाळी वाचत बसले होते. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. तो आवाज आमच्या घरात इतका मुरलेला होता की तो आहे हे कळायचंच नाही, थांबला की कळायचं. तो थांबला. थोड्या वेळानं जळका वास आला. मी मान वर केली तर आई तव्याकडं बघत बसली होती आणि तव्यावरची भाकरी काळी होत होती. मी म्हणाले, ‘‘आई, भाकर.’’ तिनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली होती. ती काहीतरी सांगायची फार धडपड करत होती आणि शेवटी म्हणाली, ‘‘उद्या.’’ मग उजव्या कुशीवर कलंडली.

दौंडच्या दवाखान्यात ती बरेच दिवस होती. डॉक्टरांनी आबांना सांगितलं की मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती, जीव वाचला आहे, पाय सुधारेल, हात थोडा सुधारेल. बोलण्याचं त्यांना सांगता येईना. ‘‘त्यांना समजतं सगळं,’’ ते म्हणाले, ‘‘पण शब्द सापडत नाहीत.’’ घरी आणली तेव्हा ती काठीवर पाय ओढत चालत होती आणि तिच्या तोंडात तो एकच शब्द उरला होता. पाणी हवं, उद्या. ऊन लागतंय, उद्या. मी समोर बसून, ‘‘मी कोन गं, आई?’’ असं विचारायचे. ती माझ्या तोंडावरून डावा हात फिरवायची, डोळ्यांत पाणी आणायची आणि म्हणायची, ‘‘उद्या.’’

शिरूरकडची माझी मावशी, आईची थोरली बहीण, न्हावरा-चौफुला मार्गे एसटीनं पिशवी घेऊन आली आणि तिनं चूल हातात घेतली. मावशी मायाळू, तरतरीत बाई होती. तिनं घर उभं धरलं हे मी कधी विसरणार नाही. पण आमच्या लोकांत माया म्हणजे मागायच्या आत देणं. पाहुण्याला पाणी मागावं लागलं तर घरच्या बाईचा उणेपणा, आणि आजाऱ्याला मागावं लागलं तर सगळ्या घराचा. आईनं नुसतं हातानं खुणावलं की मावशी म्हणायची, ‘‘पानी व्हय? हे घे.’’ आईनं दाराकडं पाहिलं की आबा म्हणायचे, ‘‘भाईर बसायचंय का? चल.’’ कुणी भेटायला आलं, आईला ‘बरं हाय का’ विचारलं, तर तिचे ओठ हलायच्या आत आम्ही तिघं उत्तर द्यायचो. आधी निदान ती झटायची. हळूहळू झटणंही थांबलं. नजर फिरवली की सगळं मिळत होतं, मग ती बोलणार कशाला? तिचा शब्द आम्ही तिच्या तोंडातून काढून घेत होतो, आणि त्याला सेवा म्हणत होतो.

मी मात्र तिला शिकवायचं ठरवलं. शिकवणं म्हणजे काय ते मला माहीत होतं तसंच. तिच्यासमोर तांब्या ठेवायचा आणि म्हणायचं, ‘‘पानी. म्हन, पानी.’’ ती माझ्या ओठांकडं बघून म्हणायची, ‘‘पानी.’’ स्पष्ट, पहिल्यासारखं. मला आनंदानं रडू यायचं. पानी, पानी, पानी, अशी आम्ही दुपार काढायचो. भाकर म्हन, भाकर. मंजे म्हन, मंजे. ती सगळं म्हणायची. आबा गोठ्यातून ऐकायचे आणि त्यांचा चेहरा उजळायचा. संध्याकाळी मी तोच तांब्या पुढं करून गप्प बसायचे, आणि ती तांब्याकडं बघत बसायची. मग माझ्याकडं. मग खाली मान घालायची. दुपारच्या शेकडो पाण्यांतलं एक थेंबभर उरलेलं नसायचं. परीक्षेत माझंही असंच व्हायचं. घरी गाईड उघडं असताना जे तोंडातून धो धो यायचं, ते दौंडच्या परीक्षा केंद्रावर पेपर समोर आला की कुठंच नसायचं. पण ही दोन सारखी आहेत हे तेव्हा मला उमजलं नाही. मला वाटायचं, आम्हा मायलेकींचं डोकंच खराब आहे.

दौंडच्या डॉक्टरांनी पुण्याच्या सरकारी दवाखान्याची चिठ्ठी दिली. तिथं बोलणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या, तरुण, सलवार-कमीज घातलेल्या. आम्ही चौघं गेलो. बाईंनी टेबलावर पाण्याचा पेला ठेवला आणि आईला विचारलं, ‘‘हे काय आहे?’’ आई म्हणाली, ‘‘उद्या.’’ मावशी लगेच म्हणाली, ‘‘आगं, पानी म्हन की.’’ बाईंनी हात वर करून मावशीला थांबवलं आणि त्या नुसत्या बसून राहिल्या. ते थांबणं मला सोसेना. आईच्या कपाळावर घाम आला, तिचा डावा हात टेबलाची कड चाचपत होता, आबा खिडकीबाहेर बघायला लागले. बाईंनी हळूच ओठ मिटून ‘प’ची नुसती सुरुवात केली. पुन्हा थांबल्या. आणि आई म्हणाली, ‘‘पा… पानी.’’ बाईंनी शाबासकी दिली नाही, की पुन्हा म्हणायला लावलं नाही. पेला उचलून तिच्या हातात दिला, एवढंच.

मग त्यांनी घरच्या माणसांची नावं विचारली. ‘‘मालकांचं नाव काय तुमच्या?’’ आईनं मान खाली घातली आणि डाव्या हातानं पदर पुढं ओढला. बाईंनी वाट पाहिली, कागदावर फुली मारली. मावशी पुटपुटली, ‘‘असं इचारत्यात व्हय मालकाच्या म्होरं?’’ आईला नाव आठवत नव्हतं, की आठवूनही ती घेत नव्हती, हे आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नसतं.

निघताना त्या माझ्याशी बोलल्या, कारण शिकवणारी मी होते. ‘‘तुझ्यामागून म्हणणं वेगळं आणि स्वतः आठवणं वेगळं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मागून म्हणताना मेंदू काही शोधत नाही. शोधण्यानंच नवी वाट पडते. शब्द गेलेले नाहीत, त्यांच्याकडे जायची वाट गेलीय. तू शब्द हातात दिलास की शोधणं संपलं. म्हणून शब्द देऊ नका. थांबा. फारच अडलं तर पहिला आवाज द्या. आणि एकाच बैठकीत घासत बसू नकोस. थोडं विचार, सोडून दे, विसरायला आलं की पुन्हा विचार. मधे झोप होऊ दे. चित्रं दाखवण्यापेक्षा ती ज्या कामात आहे, त्यातलं विचार.’’ आबा ऐकत होते. ते म्हणाले, ‘‘म्हंजी हिरीला पानी हाय, पाट तेवडा फुटलाय.’’ बाई हसून म्हणाल्या, ‘‘हो, तसंच.’’ एसटीत आबा बराच वेळ आईचा उजवा हात आपल्या हातात धरून बसले होते. चारचौघांत तसं करताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर भांडणं सुरू झाली. मावशीला ते जमेना. ‘‘तहानलेल्या मानसापुडं तांब्या धरायचा आन् म्हनायचं, ह्याचं नाव सांग? ही कसली इद्या?’’ ती मला म्हणायची. ‘‘तुज्या आयनं तुला असं तरसवून वाडवलं का?’’ मी म्हणायचे, ‘‘मावशी, बाईंनी सांगितलंय, जरा थांब.’’ ती डोळ्यांना पदर लावून पाणी देऊन टाकायची. आबा उठून गोठ्याकडं जायचे. तरी मी चिकटून राहिले. एकदा चुलीपाशी तिघी बसलो होतो. मावशीनं आमटी वाटीत घालून आईला दिली. आईनं भुरका मारला, तोंड वाकडं केलं आणि वाटी खाली ठेवली. मावशी बोलणार, तेवढ्यात मी तिच्या हातावर हात ठेवला. आई वाटीकडं बघत होती. तिचे ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. कितीतरी वेळ. मावशी हात सोडवू बघत होती, मी तो दाबून धरला. ‘‘मी… मी… मीठ,’’ आई म्हणाली. आमटीत मीठ पडलंच नव्हतं. तो शब्द मी कधी शिकवला नव्हता. दुसऱ्या दिवशी विचारला तेव्हाही तो होता, आणि चार दिवस मुद्दाम सोडून विचारला तेव्हाही होता. त्यामागून हळूहळू चूल आली, शेंग आली, ऊठ आलं. मंजे मात्र आलं नाही. मला ते हवंच होतं, म्हणून रोज सकाळी सगळ्यात आधी मी तिला ‘मंजे म्हन’ असं सांगायचेच. तेवढ्यापुरती बाईंची शिकवण मी पाळली नाही.

असं कुठं जरा सावरतंय तोवर नाना आले. नाना म्हणजे आबांचे थोरले भाऊ. घरातलं मोठं माणूस, त्यांचा शब्द आबांनी कधी मोडला नव्हता. अंगणात बाजेवर बसून त्यांनी चहा घेतला. आई दाराच्या चौकटीला टेकून डाव्या हातानं शेंगा फोडत होती. नाना तिच्यादेखत आबांना म्हणाले, ‘‘आता म्हैनाभरात कारखान्याचा बायलर पेटंल. तोडीच्या टोळ्या येतील, तू उसात. मेव्हनी काय जल्मभर ऱ्हात न्हाई. पोरगी आज ना उद्या जानार. घर कोन बगनार? यवतच्या पल्याड एक घर हाय. बाई चांगली हाय, नवऱ्यानं टाकलेली. हिला कोन उपाशी ठिवतंय? ऱ्हाईल एका कोपऱ्यात.’’ मावशी आतून म्हणाली, ‘‘अवं, ती हितं बसलीया.’’ नाना म्हणाले, ‘‘तिला काय कळतंय आता?’’

मी आईकडं पाहिलं. फोडलेली शेंग तिच्या बोटांत तशीच होती. तिला सगळं कळत होतं, नेहमीइतकंच, शब्द नि शब्द. आत सगळं धड असताना कुणी आपल्याला रिकामं समजून आपल्यासमोर आपलाच निकाल लावावा, याहून वाईट काही मी अजून पाहिलेलं नाही. नाना गेल्यावर ती काठी टेकत आबांपुढं उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘उद्या. उद्या. उद्या.’’ आवाज चढत गेला, काठी जमिनीवर आपटली. आबांना ते झेपेना. लहान पोराची समजूत काढावी तसं ते म्हणाले, ‘‘व्हय, व्हय, बगू आपन.’’ त्यावर ती भिंतीकडं तोंड करून निजली. मीठ नाही, चूल नाही. दोन दिवस एक शब्द नाही.

दसऱ्यानंतरच्या गुरुवारी यवतकडची माणसं घर बघायला यायची होती. आबांनी नानांना हो म्हटलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं. मावशीला दिवाळीआधी शिरूरला परतावंच लागणार होतं, तिचंही घर होतं. मी वेड्यासारखी झाले. मी ठरवलं की पाहुणे अंगणात आले की आईनं म्हणायचं, ‘या, बसा.’ दोनच शब्द. घरच्या बाईनं या बसा म्हटलं की घरात बाई आहे हे कुणालाही दिसेल, मग कशाला येतील ते पुन्हा? सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मी तिला घेऊन बसले. या बसा म्हन. या बसा. बाईंनी सांगितलेलं सगळं मी पायाखाली तुडवलं. थांबायला वेळ कुठं होता? ती थकली, रडली, तिनं मला डाव्या हातानं ढकललं, तरी मी सोडलं नाही. माझी स्वतःची परीक्षा तोंडावर होती. पुस्तक कुठं पडलंय हेही मला माहीत नव्हतं. बुधवारी संध्याकाळी मी तिच्यापुढं मिठाचा डबा धरला, निदान तेवढं तरी आहे का बघावं म्हणून. ती डब्याकडं बघत राहिली. मग माझ्याकडं बघून, अगदी हळू, माफी मागितल्यासारखं म्हणाली, ‘‘उद्या.’’ मी उसात जाऊन बसले आणि पोट दुखेपर्यंत रडले. होतं तेवढंही मी घालवलं होतं.

गुरुवारी नाना त्या बाईच्या भावाला आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांना घेऊन आले. मावशीनं आईला चांगलं लुगडं नेसवून चौकटीपाशी उभं केलं होतं. पाहुणे अंगणात आले. मी आईच्या तोंडाकडं बघत होते. तिनं तोंड उघडलं, आणि आलं ते ‘उद्या’. पाहुण्यांनी नानांकडं पाहिलं. मावशीच म्हणाली, ‘‘या, बसा.’’ संपलं, असं मला वाटलं. मी चहा दिला. गोठा किती, ऊस किती, पाणी कसं, अशी बोलणी झाली. भाऊ भला माणूस होता, तो खाली मान घालूनच बोलत होता. शेवटी नाना आबांना म्हणाले, ‘‘आता तू बोल. पावन्यांनी किती येळ वाट बगायची? व्हय म्हन आन् मोकळा हो.’’

आबा जमिनीकडं बघत होते. त्यांच्या पायाजवळून मुंग्या चालल्या होत्या आणि ते त्या मुंग्यांकडं बघत होते. मला वाटतं, ते हो म्हणणार होते. वाईट माणूस नव्हते ते, दमलेले होते. एवढ्यात माझं लक्ष आईकडं गेलं. ती चौकट धरून पुढं झुकली होती. ओठ उघडले होते. गळ्याशी काहीतरी हललं, ते तिनं गिळलं. पुन्हा हललं. कुणीही मधे बोललं नाही. मावशी नाही, मी नाही, कारण ती कुठला शब्द शोधतेय हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. ठाऊक असतं तर दिला असता.

‘‘सोमा,’’ आई म्हणाली.

राव नाही, उखाणा नाही, पदर नाही. माळावरच्या आवाजात, या टोकावरून त्या टोकाला हाक मारावी तसं. म्हातारे गृहस्थ दचकले. नानांचा कप बशीत कलंडला. आणि आबा, हाक ऐकल्यावर माणूस देतो तशी, विचार न करता ओ देऊन बसले. ‘‘आलो,’’ ते म्हणाले. उठले, बैठक तशीच टाकून चौकटीपाशी आले आणि तिच्या पायांशी उंबऱ्यावर बसले. नाना म्हणाले, ‘‘आरं, पावनं बसल्यात.’’ आबांनी त्यांच्याकडं वळूनही पाहिलं नाही. ‘‘नाना,’’ ते म्हणाले, ‘‘घरात बाई हाय. हाक मारतीया. पावन्यांना यष्टी गाठून द्या.’’

पुढं कित्येक वर्षं मी शाळेत शिकवलं. पोरं पुस्तक उघडं ठेवून डुलायला लागली की मी ते मिटून माझ्याकडं घ्यायचे, आणि ती रडकुंडीला आली तरी थांबायचे. पोरांना मी दुष्ट वाटायचे. पण त्या दिवशी तोच शब्द का आला, हे मला फार उशिरा उलगडलं. पाणी, भाकर, मंजे हे आम्ही तिला तोंडात घालून घालून शिकवले होते. ते एक नाव मात्र तिला कुणी कधी दिलंच नव्हतं. लग्नापासून रोज, बांधावर उभी राहिली की ते तिनं स्वतः आतून वर आणलं होतं आणि गिळलं होतं. एवढा सराव दुसऱ्या कुठल्या शब्दाचा झाला असणार? मी ही माझी समजूत सांगते. पुण्याच्या त्या बाईंना ती विचारायची राहून गेली.

त्या ऑक्टोबरात मी गणितात पुन्हा नापास झाले आणि मार्चला सुटले, पुस्तक मिटून. मावशी शिरूरला गेली तेव्हा एसटीत चढताना आईला म्हणाली, ‘‘येऊ का? न्हाई, तूच बोल, मी थांबते.’’ कंडक्टरनं बेल मारली तरी ती पायरीवर उभी होती. आई म्हणाली, ‘‘ये.’’ माझं नाव मी तिला सांगायचं बंद केलं. सगळा हंगाम गेला, ऊस तुटला, रान मोकळं झालं, आणि ती मला बघून ‘मं’ म्हणायला लागली. पुढचं कधी आलं नाही. ती ‘मं’ म्हणून थांबायची, मीही थांबायचे, आणि शेवटपर्यंत मी ते पुरं करून दिलं नाही.

‘अवं’ मात्र तिला परत कधी सापडलं नाही. म्हणून पुढची सगळी वर्षं ती नवऱ्याला नावानंच हाक मारत राहिली. कॅनॉलवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, नाना वर्षभर घरी आले नाहीत. आबा जिथं असतील तिथून ‘आलो’ म्हणायचे आणि यायचे. आई जाऊन आता तीन पावसाळे झाले. नानाही गेले. मागच्या सुट्टीत मी वस्तीवर गेले होते. आबा उंबऱ्यावर बसले होते, तिच्याच जागी. मी जेवायला बोलावलं, ‘आबा’ म्हणून, दोनदा. त्यांनी ओ दिली नाही. जवळ गेले तेव्हा म्हणाले, ‘‘आता मला नावानं हाक मारनारं कुनीच ऱ्हायलं न्हाई बग, मंजे.’’